आधी टाळी

हेमचंद्र पळसुले यांच्या बेसमेंटमध्ये तबल्याच्या तीन जोड्या आहेत आणि नव्या विद्यार्थ्याने अख्खा एक हिवाळा त्यांतल्या एकीलाही हात लावायचा नाही, असा तिथला कायदा आहे. कोणी लावलाच तर काका ओरडत नाहीत. चष्मा कपाळावर चढवतात, त्या हाताकडे बघत राहतात आणि शांतपणे म्हणतात, "आधी टाळी."

म्हणजे मांडी घालून बसायचं, तोंडाने "धा धिं धिं धा" म्हणायचं आणि हाताने ताल धरायचा. तीनतालाच्या सोळा मात्रांत तीन ठिकाणी टाळी आणि एका ठिकाणी खाली. खालीला हात रिकामाच बाजूला न्यायचा. सोळा संपल्या की एक आवर्तन झालं आणि पुन्हा पहिली मात्रा. तिला सम म्हणतात, आणि काकांच्या मते माणूस जन्माला येतो तो तिथे वेळेवर पोहोचायला. हे सगळं चाललेलं असताना ते प्रश्न विचारतात. "विंटर टायर्स काढलेस का?" "आईच्या व्हिसाचं काय झालं?" तुम्ही मनातल्या मनात जरी उत्तर दिलंत तरी त्यांचं बोट वर होतं. "गेलीस! मागे पडलीस!"

मी खरं तर इथे शिकायला आलेच नव्हते. माझी मुलगी ईशिता शिकायची आणि मी बाहेर गाडीत हीटर लावून बसायचे. एका शनिवारी बाहेर इतकी थंडी होती की नाकातले केस गोठले होते. काकांनी येऊन काचेवर टकटक केली. "इथे बसून गॅस जाळण्यापेक्षा खाली येऊन टाळी दे." नाही म्हणायला तोंड उघडलं तर दात थडथडले, ते त्यांना होकारासारखे वाटले असावेत. ईशिता टाळीत एका हिवाळ्यात पास झाली. मला दोन लागले. मी ऑटावाच्या कनाटा उपनगरात सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायचा पगार घेते. माझा स्वभाव नोकरीमुळे असा झाला की स्वभावामुळे ही नोकरी मिळाली, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. अशा बाईला दोन हिवाळे "मागे पडलीस" ऐकून घ्यावं लागणं काय असतं, ते मलाच ठाऊक.

काका मूळचे मिरजेचे. ऑटावात आले, आयुष्यभर पुलांची इंजिनिअरिंगची कामं केली आणि रिटायर झाल्यावर बेसमेंटमध्ये उतरले ते जेवणापुरतेच वर येतात. त्यांना सगळीकडे ताल ऐकू येतो. त्यांचा डिशवॉशर दादरा वाजवतो म्हणे. शेजाऱ्याचं कुत्रं रूपकात भुंकतं. बर्फ पडला की क्लास घरासमोरच्या ड्राइव्हवेवर भरतो, कारण शोव्हल करणं, म्हणजे फावड्याने बर्फ हटवणं, हा त्यांच्या मते तीनतालाचा उत्तम रियाज आहे. पहिल्या चार मात्रा बर्फ ढकलायचा, पुढच्या चारांत उचलून लॉनवर टाकायचा, खालीला शोव्हल रिकामं हवेत फिरवायचं आणि मग परत ढकलायचं. सात-आठ माणसं जाडजूड कोट घालून एकाच वेळी रिकामी शोव्हलं आकाशात फिरवताहेत, हे शेजारचे ब्रायन कॉफीचा मग घेऊन खिडकीतून बघत असत. ड्राइव्हवे साफ व्हायला दुप्पट वेळ लागायचा, पण समेवर साफ व्हायचा.

मेट्रोनोम, लेहऱ्याचं अॅप, असलं काहीही क्लासमध्ये आणायला बंदी होती. लेहरा म्हणजे तबल्याबरोबर गोल गोल फिरणारी एक छोटी धून; पूर्वी माणूस पेटीवर वाजवायचा, आता फोन वाजवतो आणि एकाच लयीत वाजवतो. "यंत्राला श्वास नसतो," काका म्हणायचे. "लय माझ्या हातात आहे. माझा हात म्हणजे पुलाचा खांब."

या खांबाशेजारी सुहासिनीकाकू राहत होत्या.

काकू फार्मसिस्ट होत्या, आता रिटायर्ड. बोलणं मोजकं, हसणं त्याहून मोजकं. त्यांचा गळा गोड आहे हे गावात सगळे जाणून होते आणि त्यांची लय सुटते हेही सगळे जाणून होते, कारण दोन्ही गोष्टी काकांनीच सांगितल्या होत्या. वीसेक वर्षांपूर्वी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत काकू गात होत्या, काका साथीला होते. मध्येच दोघं वेगळे झाले. काकांनी तबल्यावरूनच हाक मारली, "सुहास, लय!" माइक चालू होता. हॉल हसला. काकूंनी गाणं पुरं केलं, नमस्कार केला आणि त्यानंतर त्या कधी स्टेजवर चढल्या नाहीत. घरी गायच्या, पण स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फुल्ल लावून. खाली आम्हाला फक्त घोंऽऽ ऐकू यायचं. काका प्रेमाने म्हणायचे, "सुहासचा गळा देवाचा आहे. लयीचं सोड."

मी सोडलं होतं. मला काय कळत होतं?

या वर्षी फेब्रुवारीत काका पडले. मुलांना खालीची मात्रा नीट दाखवायला म्हणून शोव्हल जरा जास्तच डौलात फिरवलं, खाली ब्लॅक आइस, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा बर्फाचा थर होता, आणि उजवं मनगट मोडलं. "पण पडलो बरोबर समेवर," हे त्यांनी गाडीत बसता बसता आम्हाला ऐकवलं. इमर्जन्सीत शेजारी बसलेल्या, खांदा निखळलेल्या एका हॉकीवाल्या पोराला त्यांनी उरलेल्या हाताने दादरा शिकवला, असं काकू सांगतात. मला शंका नाही.

मनगटाला प्लास्टर म्हटल्यावर दोन गोष्टी घडल्या. पाडव्याच्या कार्यक्रमात दर वर्षी काकांचं तबलावादन असायचं, ती जागा रिकामी झाली. आणि क्लासमध्ये तबल्यावर लय दाखवायला कोणी उरलं नाही, म्हणून काकांनी नाक मुरडून ईशिताला लेहऱ्याचं अॅप लावायची परवानगी दिली.

त्या शनिवारी अॅपवर भूप रागातला लेहरा लागला होता. ईशिता तीनतालाचा ठेका वाजवत होती, आम्ही बाकीचे टाळी देत होतो, काका प्लास्टर छातीशी धरून डाव्या हाताने मांडीवर ठेका देत होते. काकू चिवड्याचा ट्रे घेऊन खाली आल्या. भूप ऐकून पायरीवरच थांबल्या. आधी नुसतं गुणगुणल्या. मग कसं झालं कोण जाणे, हातात ट्रे तसाच, आणि त्या भूपातली एक जुनी बंदिश गायला लागल्या.

मी त्यांचा आवाज एक्झॉस्टशिवाय पहिल्यांदाच ऐकला. ईशिता वाजवता वाजवता ओरडली, "काकू, कीप गोइंग!"

पहिली दोन-तीन आवर्तनं सगळे बरोबर होते. मग मला काकांचा हात दिसला. तो थोडा पुढे होता. पुढच्या आवर्तनात आणखी पुढे. मग काकांनी मान झटकून मोठ्याने "धा!" म्हटलं, मांडीवर थाप मारली, आणि समेवर भेटल्याचं ते हसू चेहऱ्यावर घेऊन सगळ्यांकडे बघितलं. तिथे कोणीच नव्हतं. काकू, ईशिता आणि फोन तिघंही अजून दोन मात्रा मागून चालत येत होते.

"सुहास, लय!" काका सवयीने म्हणाले.

काकूही सवयीनेच गप्प झाल्या.

फोन बिचारा वाजत राहिला. ईशिताने तबल्यावरचे हात उचलले. "काका, शी वॉज ऑन. मी लेहऱ्याबरोबर होते, काकू माझ्याबरोबर होत्या. यू वेअर अर्ली."

बेसमेंटमध्ये घर तापवणारी फर्नेस सुरू झाल्याचा आवाज आला. काका म्हणाले, "थंडीने फोनची बॅटरी उतरते. मग अॅप मागे पडतं."

"काका, दॅट्स नॉट हाऊ—"

"ईशिता," मी म्हटलं. पण माझ्या डोक्यात भलतंच चाललं होतं. तबलजी धावला की आम्ही विद्यार्थी त्याच्यामागे धावतो आणि सगळे एकत्रच समेवर पोहोचतो. मग चूक दिसणार कशी? जो धावत नाही तोच एकटा चुकलेला दिसतो. वीस वर्षांपूर्वी काकू धावल्या नाहीत. आणि मी? माझे दोन हिवाळे! (घरी गेल्यावर ईशिताने माझी टाळी लेहऱ्याबरोबर तपासली. मी तिथेही चुकले. तो भाग सोडून देऊ.)

काकूंनी ट्रे ठेवला आणि वर गेल्या. घोंऽऽ सुरू झालं. मी रिकाम्या कपांचं निमित्त करून मागोमाग गेले. काकू गात नव्हत्या. एक्झॉस्टखाली नुसत्याच उभ्या होत्या, गॅसवर काही नव्हतं.

"मला वाटायचं माझा दम कमी पडतो," त्या म्हणाल्या. "म्हणून प्राणायाम केला. ती ट्रेडमिल बघ, दमासाठीच घेतली. त्यावर चालता चालता आलाप घ्यायचे. यांना वाटायचं, वजनासाठी."

मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी चिडले. ते मला जमतं. "मग आता सांगा त्यांना! पाडव्याला जागा रिकामी आहे. ईशिता वाजवेल, तुम्ही गा. मी नीलिमाला फोन करते."

"माझ्या कानांना तेव्हाही वाटलं होतं की मी बरोबर आहे," काकू म्हणाल्या. "मी कानांवर नाही, यांच्या हातावर विश्वास ठेवला. त्याचाच राग येतोय." मग त्यांनी एक्झॉस्ट बंद केला. "हे माइकवर म्हणाले होते. माइकवरच परत घेऊ देत. मग गाईन. नाहीतर नाही."

मी नीलिमाला फोन केला. ती मंडळाचे कार्यक्रम बघते. काकूंचं नाव ऐकून ती म्हणाली, "अगं, पण त्यांची लय..." मी फोनवरच डोळे वटारले. काकूंचं नाव यादीत लागलं. ओळख करून द्यायचं काम काकांना दिलं. आता सगळं काकांवर होतं.

आठवड्यात काकांचा फोन आला. "अपूर्वा, तू टेस्टिंग करतेस ना? येऊन माझी एक टेस्ट घे. सुहासला सांगू नकोस."

मी गेले तर ते ड्राइव्हवेवर आपल्या गाडीत बसले होते. म्हणाले, फोनवर माझा विश्वास नाही, पण गाडीच्या इंडिकेटरवर आहे. इंडिकेटर लावला. टिक, टिक, टिक. काका डाव्या हाताने स्टिअरिंगवर ठेका वाजवू लागले. थोडा वेळ छान जमलं. मग हात पुढे सरकला आणि बघता बघता इंडिकेटर मागे राहिला.

"ही गाडी जुनी झालीय," काका म्हणाले. "इंडिकेटर थकलाय. तुझी आण."

मी माझी गाडी मागे लावली. तिचाही इंडिकेटर मागे राहिला. आम्ही पुन्हा त्यांच्या गाडीत, मग पुन्हा माझ्या. दोन्ही गाड्या उजवीकडे वळायच्या खुणा करत एकाच जागी उभ्या होत्या. शेवटी ब्रायनला राहवेना. ते स्लिपर्समध्येच बर्फातून आले आणि गाडीची बॅटरी उतरलीय असं समजून त्यांनी विचारलं, "नीड अ बूस्ट?"

"नो नो, थँक्यू," काका म्हणाले. ब्रायन गेले. काकांनी काचेवरच्या वाफेत बोटाने काहीतरी हिशेब मांडला. इंजिनिअरच होते शेवटी.

"अपूर्वा, दोन्ही गाड्या कशा मागे पडतील गं?"

मी आयुष्यात फार कमी वेळा तोंड बंद ठेवलंय. तेव्हा ठेवलं.

"म्हणजे त्या दिवशी गणपतीत..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. इंडिकेटर टिकटिकत होता, तो मी हळूच बंद केला. "तिला काय सांगू?"

"माझ्यावर प्रॅक्टिस करू नका. त्यांना सांगा. आणि माइकवर सांगा, त्यांची तीच अट आहे."

"माइकवर?" काकांची पाचावर धारण बसली. ज्या माणसाने आजवर हातातला माइक आपण होऊन कधी खाली ठेवला नव्हता, त्याला एकदम माइकची भीती वाटायला लागली. त्यानंतरचे दिवस त्यांनी घरात काय केलं, ते काकूंकडून कळलं. एका हाताने व्हॅक्यूम केलं. मसाल्यांच्या बाटल्यांना लेबलं लावली. रोज चहा करून दिला, तोही दोनदा. बोलायला तेवढं तोंड उघडलं नाही.

पाडव्याचा कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये होता. बाहेर पार्किंग लॉटच्या कडेला अजून काळ्या बर्फाचे ढीग, आत नऊवाऱ्या, नथी आणि भिंतीला ओळीने लावलेले बूट. स्टेजवर काकू बसल्या, शेजारी ईशिता. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. काकूंचा हात मांडीवर होता, ओठ मिटलेले. काका माइकपाशी गेले.

"मित्रहो," त्यांनी सुरुवात केली, "तालाची कल्पना फार प्राचीन आहे."

काका प्राचीन काळातून निघाले आणि सावकाश पुढे सरकत मृदंगापर्यंत आले. नीलिमाने विंगेतून घड्याळ दाखवलं. काका पखवाजावर पोहोचले. लोक समोशांचा वास घेत मागे वळून बघायला लागले. मी पहिल्या रांगेत होते. मी सरळ हात पुढे केला आणि सगळ्यांना दिसेल अशी, खालीची मात्रा दाखवतात तशी, तळव्याने रिकामी खूण केली. क्लासमध्ये तिचा अर्थ एकच. इथे आवाज नको.

काका थांबले. चष्मा कपाळावर चढवला. मग काकूंकडे न बघता म्हणाले:

"याच मंडळाच्या गणपतीत मी एकदा माइकवर म्हणालो होतो, 'सुहास, लय!' तुम्ही हसला होतात. तेव्हाचे बरेच जण आजही समोर आहेत, केस तेवढे राहिलेले नाहीत." कोणीतरी हसलं. काका हसले नाहीत. "तिची लय सुटली नव्हती. मी पळत होतो. त्या दिवशी, आणि नंतर रोजच. तबला माझ्याकडे होता, म्हणून तुम्हाला वाटलं मी बरोबर. मलाही तेच वाटलं. त्यामुळे तुमचं वीस वर्षांचं गाणं बुडालं आणि माझं... माझं तर घरातलंच बुडालं. सुहास, माझं चुकलं. एवढंच."

गाणारीची ओळख करून द्यायची ते विसरलेच. खाली उतरले आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले, डावा हात मांडीखाली दाबून. "चुकून ठेका दिला तर?" ते माझ्या कानात कुजबुजले.

काकूंनी पदर सारखा केला. ईशिताकडे बघून मान हलवली. आणि त्या गायल्या.

कशा गायल्या ते मला सांगता येणार नाही. मी रडत होते आणि मला रडताना नीट ऐकू येत नाही. पण काकांकडे माझं लक्ष होतं. अर्ध्यावर त्यांनी मांडीखालचा हात बाहेर काढला. नजर काकूंच्या गुडघ्यावरच्या हातावर ठेवली, आणि तो हलला की आपला हलवू लागले. सम आली. काकूंचा हात पडला, मग काकांचा, किंचित उशिरा. त्या माणसाला समेवर उशिरा आलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

एप्रिलच्या शेवटी प्लास्टर निघालं. त्या शनिवारी क्लासला आम्ही सगळे वेळेआधीच हजर. काका नवे कपडे घालून खाली आले, मनगट दोनदा फिरवून बघितलं, तळव्यांना पावडर लावली, हातोडीने तबला सुरात आणला. मागोमाग काकू उतरल्या. हातात ट्रे नव्हता. त्या येऊन समोरच्या सतरंजीवर बसल्या.

काकांनी तबल्याकडे हात नेला. काकूंनी चष्मा कपाळावर चढवला आणि त्या हाताकडे बघत राहिल्या.

"आधी टाळी," काकू म्हणाल्या.

"सुहास, मी पन्नास वर्षं तबला—"

"आधी टाळी."

काकांनी आमच्याकडे बघितलं. आम्ही छताकडे बघितलं. मग त्यांनी तबला बाजूला सरकवला, मांडी घातली आणि हात पुढे केला. ईशिता उत्साहाने फोन काढायला लागली. "यंत्र नको," काकू म्हणाल्या, "माझ्या हाताकडे बघा." धा धिं धिं धा. एक आवर्तन गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्यात काकूंनी अगदी सहज विचारलं, "विंटर टायर्स काढले का हो?"

काकांच्या कपाळावर एक आठी उमटली. टायर्स निघाले नव्हते.

"गेलात!" काकूंचं बोट वर झालं. "पुढे गेलात!"

आम्ही सगळे हसलो, सगळ्यांत मोठ्याने मी. काकाही हसले. मग तबल्याकडे एकवार आशेने बघून कुरकुरले, "अगं, पण आता हिवाळा तर संपलाय."

"पुढचा येईल की," काकू म्हणाल्या. "परत. पहिल्यापासून."